पाद्र्याच्या घळीतल्या दोन रेघा

गावातल्या इतर बायकांना नवऱ्याची भानगड शेजारणीकडून कळते. मला ती बर्फाने सांगितली. निदान तेव्हा मला तसंच वाटलं.

केबल कार वर डोंगरात जिथे संपते तिथे माझं कॉफीचं दुकान आहे. थोडी टेबलं, एक चूल आणि मक्याच्या पिठाच्या पोलेंताचं भलंमोठं पातेलं. खिडकीतून समोरच पाद्र्याच्या घळीचं तोंड दिसतं. तिथला दोर ओलांडला की पुढे यंत्राने दाबलेली वाट नाही, खांब नाहीत, शिट्टी फुंकणारा कुणी नाही. जायचं ते आपल्या जबाबदारीवर, आणि डोकं ठिकाणावर असेल त्याने गाइड घेऊन जायचं. माझा नवरा रेमिजो गाइड. त्याचा बाप गाइड, आजाही गाइड.

बर्फ पडून उतार कोरा झाला की त्यावर स्कीची पहिली रेघ कुणी काढली, हे मी कॉफी ओतता ओतता सांगते. त्यात माझी हुशारी काही नाही, आमच्याकडे माणसं एकमेकांना वळणांवरूनच ओळखतात. रेमिजोचा डावा गुडघा एकदा मोडला होता. त्यामुळे त्याचं डावं वळण ऐसपैस आणि उजवं आखूड. लंगडत लंगडत ती रेघ खाली जाते. इतकी वर्षं मी ती बघत आले, आणि बघितली की बरं वाटायचं. म्हणजे आज माणूस धड आहे, संध्याकाळी घरी येणार.

या फेब्रुवारीत त्या लंगड्या रेघेला सोबत मिळाली. दुसरी रेघ अगदी सफाईदार, दोन्ही बाजूंना सारखी, आणि रेमिजोच्या रेघेत अशी गुंफलेली की वेणीच घातली आहे म्हणा ना. गिऱ्हाईक असं उतरत नाही. गिऱ्हाईक घाबरतं, आडवं जातं, मध्येच बसकण मारतं. ही रेघ कुणा कसलेल्या माणसाची होती. आणि त्यातही खुबी अशी की ऊन असलं की वेणी नाही! आभाळ खाली आलं, वरही पांढरं, खालीही पांढरं, खड्डा कुठला नि उंचवटा कुठला हे कळेनासं झालं, आणि पाहुणे हॉटेलात पत्ते कुटत बसले, की वेणी हजर. बघायला कुणी नसेल तेव्हाच बरोबर दोघं घळीत! पाणी कुठेतरी मुरत होतं.

केबल कार चालवणारा एराल्दो एकदा कॉफीला आला तो मिशीतल्या मिशीत हसतच.

"काय देल्फिना, आज नवऱ्याला खायला दिलं नाहीस?"

"का रे?"

"नाही, दोघं उपाशीच गेले, म्हणून म्हटलं."

"दोघं कोण?"

"मी कुठे काय म्हणालो? मी केबल कार चालवतो बाई, तोंड नाही चालवत."

"तोंड बंद ठेवलं असतंस तर ती वेळेवर तरी आली असती."

"चिडू नकोस. पण निवेसला नारिंगी रंग शोभतो, एवढं मात्र खरं." आणि कप तसाच टाकून पळाला.

निवेस म्हणजे पलीकडच्या खोऱ्यातली. तिशीतली, उंच, कमी बोलणारी. कुठला उतार सुटून खाली येईल हे रोज सकाळी तपासायचं आणि दोर लावायचा की काढायचा ते ठरवायचं, हे तिचं काम. चार दिवसांपासून तिच्या अंगावर एक कोरं करकरीत नारिंगी जाकीट होतं, डोळ्यांत खुपेल असं. ते घेऊन दिलं कुणी? रेमिजोने. दुकान माझ्या मावसभावाचं आहे, त्यामुळे मला विचारायलाही जावं लागलं नाही. लग्न झाल्यापासून या माणसाने मला साधा हातरुमाल घेतला नव्हता. आपल्या हातांनी त्याला पोलेंता वाढायचा, वर तोमा चीज वितळवून घालायचं, आणि जाकिटं घ्यायची ती निवेसला!

घरीही चोराच्या मनात चांदणं. दर गुरुवारी स्वारी खाली तूरिन शहरात जायची, म्हणे बूट दुरुस्तीला. आमच्या खोऱ्यातले बूट दुरुस्त करणारे काय मेले होते? शिवाय नजरेला नजर देईना. बोलताना माझ्या कानाजवळ कुठेतरी बघायचा.

"माझ्याकडे बघ," मी एकदा जेवताना म्हणाले.

"बघतोय की."

"कानाकडे बघतोयस."

"कानही तुझाच आहे ना, देल्फी?"

तो हसला. मी ताट उचललं आणि मोरीत आदळलं. रविवारी हॉलंडचं एक कुटुंब त्याच्याबरोबर घळीतून उतरणार होतं, आई, बाप आणि दोन मुली. ती माणसं गेली की याची पिशवी दाराबाहेर ठेवायची, असं मी ठरवून टाकलं. पण त्याआधी दोघांना रंगेहाथ पकडायचं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई मी नव्हे.

शुक्रवारी आभाळ अगदी डोक्यावर टेकलं होतं. रेमिजो आणि ते नारिंगी जाकीट माझ्या खिडकीसमोरून दोराकडे गेले. त्याने मला हातही केला नाही. सरळ काचेकडे तोंड करून गेला, आणि मी काचेला नाक लावून उभी. मी चुलीवरचं पातेलं तसंच ठेवलं, दुकानातलं लाल जाकीट अंगावर होतं त्यावरच निघाले, दाराला खुर्ची लावली आणि स्की चढवल्या.

"देल्फिना, उजेड मेलाय आज!" एराल्दो ओरडला. "कुठे निघालीस?"

"मेल्या उजेडातच चोर सापडतात!"

दोराखालून वाकून मी पलीकडे गेले. वरचा उतार मला पाठ आहे, तरी जपून निघाले. समोर काही म्हणता काही दिसेना. पायांखालच्या त्या दोन रेघा तेवढ्या होत्या, त्यांनाच धरून उतरत राहिले. पहिला चढा उतार संपला तिथे दम घ्यायला थांबले आणि सहज वाकून पाहिलं.

दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे कोण आधी गेलं ते लगेच कळतं. मागून आलेल्याची स्की पुढच्याचा माग कापून जाते. इथे लंगडी रेघ वर होती. तिने सफाईदार रेघेची कड कापली होती. मला वाटलं, माझी चूक होतेय. पुढच्या छेदाशी थांबले, तिथेही तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच.

रेमिजो मागे होता.

आता हे कुणाला सांगून कळायचं नाही. गाइड मागे राहत नाही. आधी तो उतरतो, बर्फ सुटला तर त्याच्या अंगावर येऊ दे, मग खाली उभा राहून एकेकाला बोलावतो. आणि रेमिजो तर लग्नाच्या दिवशी चर्चमधूनही माझ्या आधी बाहेर पडला होता. बाईच्या मागे लागलाय असं आपण नुसतं म्हणतो, हा तर खरोखरच मागे लागला होता! तिच्या वळणावर वळण, हातभराचंही अंतर सोडलं नव्हतं. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

खाली पाळणा लागतो. पाळणा म्हणजे घळीतला खोल खळगा. गावातली पोरंसुद्धा तो चुकवून जातात, आणि रेमिजोने तर तो झोपेतही चुकवला असता. निवेसची रेघ त्याला वळसा घालून गेली होती. रेमिजोची सरळ आत. तळाशी माणूस पडल्याचा मोठा खड्डा, पंजे रोवून उठल्याच्या खुणा, आणि वरच्या काठाशी बर्फातून बाहेर आलेला स्कीच्या काठीचा पट्टा. मी तो ओढला. रेमिजोची काठी.

आधी वाटलं, प्यायलाय. सकाळी सकाळी प्यायलाय आणि ही बया त्याला सांभाळतेय. संशय एकदा घरात आला की पाहुण्यासारखा निघून जात नाही, खोल्या बदलत राहतो. मी काठी काखेत मारली आणि खाली निघाले.

कड्याच्या पायथ्याशी तो एका दगडावर बसला होता. एकटाच. टोपी काढलेली, केसांत बर्फ. मी त्याच्यासमोर जाऊन थांबले. इतकी जवळ की त्याच्या श्वासाची वाफ माझ्यापर्यंत येत होती. शिव्यांची माळ ओठांवर तयार होती.

"मिळाली का?" तो म्हणाला.

 मी काठी त्याच्यापुढे धरली. त्याने हात पुढे केला तो तिच्या बाजूला, मग चाचपत तिच्यावर आणला.

"वरच राहिली ना? म्हटलं होतं मी. उगाच दमलीस." तो काठीवरचा बर्फ झाडू लागला. "निवेस, रागावू नकोस. तू रविवारचं नाही म्हणालीस ते ऐकलंय मी. पण एवढा एकच रविवार. तू पुढे हो, त्या लोकांना सांगू की शिकाऊ आहेस, वाट काढायला शिकते आहेस. हे जाकीट मला लांबूनही दिसतं, मी बरोबर तुझ्या मागे येईन."

मी अंगावरच्या लाल जाकिटाकडे पाहिलं. 

"आणि देल्फीची काळजी करू नकोस. तिला वाटतंय तुझं-माझं काहीतरी आहे. वाटू दे. लफडेबाज नवरा म्हणून शिव्या घालेल, त्या परवडल्या. आंधळा म्हणून माझा हात धरून चर्चला नेईल, ते मला नाही सोसायचं."

तेवढ्यात वरून, कड्याच्या बाजूने, ढगातून हाक आली. "रेमिजो! नाही सापडत काठी! मी येते खाली!"

निवेसचा आवाज. ती कडेकडेने चालत वर गेली होती आणि मी मधून खाली आले होते, ढगात आमची चुकामूक झाली होती. रेमिजोचे हात काठीवर थांबले. त्याने मान थोडी तिरकी केली आणि माझ्या कानाजवळ बघत राहिला.

"मग तू कोण?"

माझ्या नवऱ्याने मला विचारलं, तू कोण. मी हातभर अंतरावर उभी होते.

"मी," म्हटलं. 

"देल्फी." त्याने काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. मग म्हणाला, "नजरेत मधोमध डाग आहे. कडेकडेने दिसतं, जे बघायला जावं तेच नेमकं जातं. तूरिनचा डॉक्टर म्हणतो, आता परत यायचं नाही."

"म्हणजे माझा चेहरा..."

"केस दिसतात. कान दिसतात."

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, निवेस असती तर किती बरं झालं असतं! बाई असती तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, गाव गोळा केलं असतं, रडून भेकून त्याला घरी ओढून आणला असता. या डागाशी मी भांडणार कशी?

निवेस घसरत खाली आली. मला बघून तिचा चेहरा उतरला.

"बाई, मी त्यांना किती वेळा सांगितलं की तुम्हाला सांगा..."

"तू गप्प बस. तुझं मी मागाहून बघते." मग मीच विचारलं, "रविवारी तू जाणार होतीस?"

"नाही. काल सांगितलं, आजही सांगितलं. म्हणाले, निदान शेवटचं एकदा वाट पाठ करायला तरी चल, म्हणून आले."

"ऐकलंस?" मी रेमिजोकडे वळले. "ही येणार नाही. मग तू काय करणार होतास?"

तो उठला. टोपी घातली, नीट कानांवर ओढली. गिऱ्हाइकांना धीर देताना हसतो तसं हसला.

"रविवारी ऊन आहे, देल्फी."

"म्हणजे?"

"उन्हात सावल्या पडतात. सावल्यांवर मला पुष्कळ समजतं. हा महिनाभर लोकांना घेऊन उतरलोच ना? काही झालं का कुणाला?"

महिनाभर. मी खिडकीत उभी राहून त्या उन्हातल्या रेघा बघितल्या होत्या, त्याच्या मागून येणाऱ्या लोकांच्या वेड्यावाकड्या रेघाही बघितल्या होत्या. त्यांत मी फक्त बाई शोधली होती. रविवारी त्याच्या मागे दोन मुली असणार होत्या, त्याच्या रेघेवर भरवसा ठेवून.

"त्या लोकांना मी सांगते," मी म्हणाले.

"मी सांगतो ना."

"नाही. तू सांगायला म्हणून जाशील आणि त्यांना घेऊन वर येशील."

"एवढाही विश्वास नाही?"

"नाही."

"अगं, ऊन आहे म्हणतोय ना!" तो ओरडला. "ही घळ मला माझ्या..."

माझं डोकं फिरलं. मी हात उचलला, चांगला खांद्याच्या वर, त्याच्या तोंडासमोर. कुणीही माणूस दचकला असता, मागे सरला असता, निदान डोळे तरी मिटले असते. रेमिजो तसाच उभा राहिला, माझ्या कानाकडे बघत, मी काय म्हणते त्याची वाट बघत.

"बाई!" निवेस किंचाळली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले, आणि त्याच हाताने त्याच्या छातीवरचा गाइडचा बिल्ला काढून घेतला.