ओतिलियाने कापलेले जनरल

पाराना नदीकाठच्या त्या गावात ओतिलिया ब्रेगान्ते बायकांचे कपडे शिवायची. १९७९ साली गावाच्या संग्रहालयाने तिच्याकडून तिच्या वडिलांची पेटी मागून नेली, तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. वडील, म्हणजे फाउस्तो ब्रेगान्ते. पुठ्ठ्याच्या बाहुल्या कापायच्या, त्यांचे सांधे दोऱ्याने बांधायचे, काचेच्या टेबलावर मांडून केसभर हलवायच्या, एक फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायच्या. असे हजारो फोटो जोडून ते चित्रं चालती-बोलती करायचे. बाहेरच्या देशांतली असली चित्रं गावात पोचली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी संग्रहालयाचे प्रमुख लार्रोसा यांनी तिला मांडणी पाहायला बोलावलं. टेबल होतं, दिवा होता, साबणाच्या जाहिरातीतली बाई होती, किटली हातात घेतलेलं माकडही होतं. कात्रीपाशी ती थांबली. कात्रीच्या एका कडीला चिंधी गुंडाळलेली होती आणि खाली चिठ्ठी होती: ‘अतिवापराने झिजलेली कात्री.’

वडिलांनी कापलेला पुठ्ठ्याचा जनरल मात्र कुठेच नव्हता.

तिने विचारलं तेव्हा लार्रोसांनी टेबलाच्या खणाकडे बोट केलं. उद्या उद्घाटनाला कर्नलसाहेब येणार, असं ते हळू आवाजात म्हणाले. त्यात काय ते समजून घ्यायचं होतं. देशावर लष्कराचं राज्य होतं आणि ओतिलियाच्याच गल्लीतल्या दोन घरांतली माणसं रात्री नेली होती, ती परतली नव्हती.

“तुमचे वडील मोठे कलावंत, ओतिलियाबाई,” लार्रोसा म्हणाले. “त्यांना राजकारणात कशाला ओढता?”

“मी नाही ओढलं,” ती म्हणाली. “दोन शिपायांनी ओढलं. घरातून, अंगावर पायजमा होता तसं.”

ती १९३१ सालची गोष्ट. तेव्हाही लष्कराचंच राज्य होतं. फाउस्तोंनी एक जनरल कापला होता. त्याच्या छातीवरची पदकं गुडघ्यापर्यंत लोंबायची आणि तो भाषणाला तोंड उघडी की एकेक पदक गळून पडे. चित्रपट दोनच दिवस चालला. रिळं जप्त झाली. ठाण्यात फाउस्तोंचा उजवा अंगठा मोडला आणि पुढे जन्मभर ते कात्रीला चिंधी गुंडाळून कापत राहिले. ओतिलिया तेव्हा चार वर्षांची होती. तो अंगठा तिला आठवत होता, आधीचा आठवत नव्हता.

तिने पेटी परत मागितली. लार्रोसा म्हणाले, दान दिलेली वस्तू परत मिळत नसते. तेव्हा तिने पर्समधून कागद काढून टेबलावर उलगडला. दान नव्हतं, उसनं दिलं होतं.

“मी शिवणकाम करते, लार्रोसासाहेब. माप घेतल्याशिवाय कापत नाही आणि वाचल्याशिवाय सही करत नाही.”

भर दुपारी, शेजारच्या बटणवाल्या रुफिनाची हातगाडी आणून, तिने सगळं सामान चौकातून घरी नेलं. रुफिनाने गाडी दिली, पण स्वतः आली नाही. त्या रात्री नेलेल्यांपैकी एक तिचा भाचा होता. ती घाबरून होती आणि ओतिलियाने तिला आग्रह केला नाही.

संध्याकाळपर्यंत दुकानाच्या काचेमागचा झगा घातलेला पुतळा निघाला आणि तिथे टेबल आलं. चिठ्ठ्या तिने काळ्या कापडावर शिंप्याच्या खडूने लिहिल्या. ‘ही कात्री. पोलिसांनी अंगठा मोडला, म्हणून चिंधी.’ आणि त्याच्याशेजारी, ‘हा जनरल. याच्यापायी मोडला.’

लोक यायचे, काचेपाशी थांबायचे, निघून जायचे. अधिकाऱ्यांच्या बायकांनी शिवायला टाकलेले कपडे परत नेले. चौथ्या दिवशी पोलीस अधिकारी पेराल्ता आला. त्याने बराच वेळ बाहुली न्याहाळली.

“हा कोण?”

“एकतीस सालचा जनरल. मेला बिचारा कधीच. का हो? तुम्हाला कोणासारखा वाटला का?”

उत्तर द्यायचं तर पेराल्ताला सत्तेवरच्या जनरलचं नाव घ्यावं लागलं असतं. त्याने जनरल उचलून खिशात घातला आणि तो निघून गेला.

फाउस्तोंनी प्रत्येक बाहुलीचे नमुने खाकी कागदावर काढून ठेवले होते. जनरलचे एकतीस तुकडे होते आणि दोरा ओवायच्या जागी ठिपके. ओतिलियाचा सगळा जन्म असल्या नमुन्यांवरून कापण्यात गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेमागे नवा जनरल उभा होता. पेराल्ता तोही घेऊन गेला. तिसरा उभा राहिला तेव्हा त्याने ओतिलियालाच नेलं.

दोन दिवस तिला एका खुर्चीवर बसवून एकच प्रश्न विचारत होते: हे करायला तुला कोणी सांगितलं? कोणी नाही, असं ती सांगत राहिली. तिला भीती वाटत होती. शेवटी तिला सोडलं, का सोडलं ते कळलं नाही. बाहुल्यांवाली वेडी म्हातारी, असं कोणीतरी दाराशी म्हणालेलं तिने ऐकलं.

ती घरी आली तेव्हा दुकान उघडं होतं आणि काचेमागे जनरल होता. त्याचा एक खांदा वर चढलेला, पाय वाकडे, मिशी एका बाजूला पळालेली. आत शिलाई मशीनपाशी रुफिना बसली होती, दोन बोटांना पट्ट्या.

“मला कापता येत नाही ग,” रुफिना म्हणाली. “पण जागा रिकामी बघवेना.”

ओतिलियाने माते, म्हणजे तिकडचा पानांचा चहा, करायला पाणी ठेवलं, आणि मग दोघी रडल्या.

त्यानंतर गिऱ्हाइकं झग्याच्या नमुन्याबरोबर खाकी कागदाची आणखी एक गुंडाळी मागू लागली. खाटकाच्या काचेत जनरल दिसला, मग औषधवाल्याच्या. पेराल्ताने दोन नेले, तिसऱ्याच्या वेळी तो रस्त्याच्या पलीकडून निघून गेला. तरी ओतिलियाचं काम निम्म्यावर आलं ते आलंच, आणि रुफिनाचा भाचा परतला नाही.

त्र्याऐंशीच्या अखेरीस लष्कर गेलं. पुढच्या वर्षी संग्रहालयाच्या नव्या प्रमुख मिर्ता ओलिवेरी तिच्याकडे आल्या. त्यांना फाउस्तोंचा मूळ जनरल हवा होता, आणि जमलं तर चित्रपट. मूळ जनरल सापडला नव्हता, रिळं तर नव्हतीच.

“टेबल आहे, दिवा आहे,” ओतिलिया म्हणाली. “कॅमेरा आणा.”

तीन आठवडे लागले. ओतिलिया हात हलवायची, रुफिना पाय. मिर्ताबाई एकेक फोटो काढायच्या. सगळं मिळून चाळीस सेकंदांचं झालं. जनरल तोंड उघडतो, पदकं गळतात, ती वेचायला तो वाकतो आणि त्याची विजार मागून उसवते.

संग्रहालयात ते दाखवलं तेव्हा लोकांनी ते सहा वेळा लावायला सांगितलं. पहिल्या रांगेत नव्या सरकारचे नवे महापौर बसले होते आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसत होते.

कॅमेरा परत कधी नेऊ, असं मिर्ताबाईंनी विचारलं. ओतिलिया म्हणाली, इतक्यात नको. ती मघापासून महापौरांची हनुवटी निरखत होती.