मिस्त्रींचे कान

दुरुस्तीला आलेली जुनी जीप वीसेक मिनिटं चालायची आणि बंद पडायची. मिस्त्रींना आता ऐकू येईनासं झालं होतं, त्यामुळे ते गॅरेज बंद करायच्या गोष्टी करत होते. ते जीप चालवून बघायला निघाले, तेव्हा बायको मात्र हट्टाने शेजारी बसली. चढावर जीप थांबली.

"बंद पडताना आवाज कसा आला गं?"

तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "आधी आवाज तुटक झाला, मग हळूहळू दम गेला."

म्हणजे पेट्रोल पोचत नव्हतं. त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं.

"अहो, सुस्स झालं! हवा आत गेली!" ती कानाशी ओरडली.

मिस्त्रींचा चेहरा खुलला. झाकणातलं हवेचं भोक चिखलाने बुजलं होतं; टाकीत हवा शिरत नव्हती, म्हणून पेट्रोल अडत होतं. त्यांनी ते पिनेने मोकळं केलं. जीप एका दमात माथ्यावर पोचली, नंतर तासभर फिरवली तरी थांबली नाही.

"आता कशी वाजतेय?"

"तुमच्या घोरण्यासारखी. एकसारखी!"

कितीतरी दिवसांनी मिस्त्री खदखदून हसले.