पडद्यावर खारूची साखर

गेला महिनाभर डॉक्टर घरात कुणाशी धड बोलत नव्हते. म्हणजे बोलत पुष्कळ होते, पण आरशाशी, फ्रिजशी, नाहीतर दाढीच्या ब्रशशी. "आदरणीय अध्यक्ष, निवड समितीचे सन्माननीय सदस्य," असं म्हणत फ्रिजचं दार उघडायचे, आत बघून सगळ्यांचे आभार मानायचे आणि दूध न घेताच दार लावायचे. जेवलास का रे, असं आईने विचारलं तर हात वर करून तिला थांबवायचे. ही आई म्हणजे घरातली आजी. तिला हे अजिबात खपत नव्हतं. स्वतः चार इयत्ता शिकून तिने याला एवढा शिकवला, आणि आता घरात तिच्यापेक्षा फ्रिजला मान जास्त.

कारण तसंच होतं म्हणा. डॉक्टरांच्या संशोधनाला पुरस्कार जाहीर झाला होता. लहान मुलांना जो मधुमेह होतो, ज्यात शरीर इन्सुलिन बनवायचंच सोडून देतं, त्यात इन्सुलिन टोचून वेळेवर खाल्लं नाही तर साखर एकदम उतरते आणि मूल कोसळतं. डॉक्टरांचं यंत्र साखर उतरायच्या आधीच ओरडून सांगायचं. दंडावर नाण्याएवढी चकती, हातात फोन, झालं. पहिली चकती लागली ती त्यांच्याच लेकीच्या दंडाला. ती खिशात सदा ग्लुकोजच्या गोळ्या साठवून ठेवायची, म्हणून घरात तिचं नाव खारू.

"खारूला स्टेजवर घेणार आहे," डॉक्टरांनी एकदा जेवताना जाहीर केलं. "तिचा आकडा मोठ्या पडद्यावर. लाइव्ह."

"मला नको, बाबा," खारू ताटात बघत म्हणाली. "माझ्या वर्गात कुणाला माहीत नाहीये."

"अगं, जगातल्या सगळ्या मुलांसाठी आहे हे."

"जगातल्या मुलांना विचारून झालं वाटतं," आजी म्हणाली. "घरातलीच तेवढी राहिली."

डॉक्टर हसले. आई काही बोलली की ते कौतुकाने हसायचे आणि मग हवं तेच करायचे. सून कामासाठी परगावी होती. तिने फोनवर एवढंच विचारलं, "आई, तुम्ही असणार ना तिच्याबरोबर?"

समारंभाच्या दिवशी आजी होतीच. पहिल्या रांगेत एका खुर्चीवर 'राखीव' अशी चिठ्ठी होती. कुणासाठी राखीव, ते वाचत बसायला तिला वेळ नव्हता, ती बसली. सगळा हॉल साखरेच्या डॉक्टरांनी भरलेला, आणि त्यांच्या स्वागताला दारातच केकचे ट्रे. आजीने ते बघून घेतलं आणि ओठांवर आलेलं हसू गिळलं.

आधी जेवण, मग भाषणं, असं ठरलं होतं. त्या हिशेबाने खारूने इन्सुलिन घेतलं. तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले आणि त्यांना लवकर निघायचं होतं, म्हणून जेवण मागे गेलं आणि भाषणं पुढे आली. पाहुण्यांची सोय झाली. टोचलेलं इन्सुलिन मात्र कुणाच्या सोयीने परत निघत नाही.

"अरे, तिने सुई घेतलीय," आजी स्टेजच्या पायरीशी जाऊन मुलाच्या कानात म्हणाली.

"माझंच भाषण पहिलं आहे, आई. पाच मिनिटं."

खारूच्या नव्या फ्रॉकला खिसे नव्हते. गोळ्या आणि फळांच्या रसाचा डबा आजीच्या पर्समध्ये होता. खारू वर गेली, तिचा आकडा पडद्यावर झळकला, आणि डॉक्टरांचं जगातल्या मुलांवरचं प्रेम सुरू झालं.

थोड्याच वेळात फोन कोकलला. साखर उतरणार, असं यंत्र सांगत होतं. हॉलने कडकडून टाळ्या वाजवल्या.

"हे आधी ठरवलेलं नाही, मित्रहो," डॉक्टरांचा चेहरा उजळला. "यंत्राचं भाकीत आहे की आकडा या लाल रेषेच्या खाली जाईल. बघू या खरं ठरतं का."

आणि सगळे बघू लागले. पडद्यावरची ओळ खाली झुकत गेली. खारू बोटं फ्रॉकला पुसत होती, तिचे ओठ पांढरे पडले होते. दवाखान्यात बसून आयांना 'आधी गोड द्या, मग मला फोन करा' म्हणून दटावणारी ही सगळी मंडळी. त्यांतला एकही उठला नाही. काहींनी फोटो काढले. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काय नेमकं जमून आलंय."

आजी उठली. पायरीवर गळ्यात बिल्ला घातलेली मुलगी आडवी आली. "आजी, डेमो चालू आहे."

"तो चालू दे. माझी नात बंद पडायला आलीय."

डॉक्टरांनी माइकवर हात ठेवला. "आई, दोनच मिनिटं. रेषेच्या खाली जाऊ दे ना एकदा. आत्ता दिलंस तर भाकीत चुकलं असं दिसेल."

आजीने डब्यात स्ट्रॉ खुपसला आणि खारूच्या तोंडाशी धरला. खारूने ओठ मिटून आधी बाबांकडे बघितलं. ते बघणं आजीच्या काळजात रुतलं.

"त्याच्याकडे काय बघतेस? पी."

खारू प्यायली. आजी तिला धरून स्टेजवरच खाली बसली, तिच्या गालांवर रंग येईपर्यंत हलली नाही. ओळ रेषेच्या जरा वरच रेंगाळली आणि हळूहळू परत चढली. टाळ्या वाजल्या, पण मघापेक्षा कमी. पुरस्काराची ढाल मात्र ठरल्याप्रमाणे मिळाली.

मग एकदाचं जेवण आलं. समितीचे अध्यक्ष ताट घेऊन जवळ आले. "पुढच्या महिन्यात याहून मोठी परिषद आहे. लेकीला आणाच. आणि या वेळी," ते आजीकडे बघून हसले, "आजींना जरा मागच्या रांगेत बसवू."

डॉक्टरही हसले. "नक्की, सर. दोघं येतो."

खारूचा घास हातातच राहिला. बापाने तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

आजीने ताट खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, पण शेजारच्या दोन टेबलांना नीट ऐकू जाईल असा लावला.

"तुझं यंत्र वेळेवर ओरडलं बाबा, त्यात खोट नाही. ते ओरडत होतं आणि तू टाळ्या घेत होतास. म्हणजे लेकीची काळजी कुणाला आहे ते कळलं, बक्षीस त्यालाच दे. पुढच्या महिन्यात चकती स्वतःच्या दंडाला चिकटव, उपाशीपोटी उभा राहा आणि तुझा आकडा दाखव सगळ्यांना. खारू येणार नाही. ती घरी असेल, माझ्या शेजारी, वेळेवर जेवत."