गोळी स्वस्त झाली तेव्हा

"ह्या माझा नाय," म्हणत सेलेस्तीनने गोळ्यांची स्ट्रिप काउंटरवर परत सरकवली.

"आंटी, तुझाच आसा. नाव दुसरा, औषध ताच," मेडिकलवाला गुरुप्रसाद म्हणाला. "पेटंट संपला त्या कंपनीचा. इतकी वर्सा तेंकाच बनवूचो हक्क होतो. आता बाकीचे पण बनवतत. डॉक्टरांका विचारलंय मी. चलात म्हणाले."

किंमत ऐकून ती मटकन बाकावर बसली. "मगे आधी काय सोन्याचो वर्ख लावी होते?"

हृदय कमजोर झाल्यापासून ही गोळी तिला सकाळ-संध्याकाळ लागायची. शिवणकामात ती परवडणं शक्यच नव्हतं, म्हणून एकुलता एक मुलगा मॅक्सवेल कुवेतला गेला. चर्चबाहेर कुणी तो परत कधी येणार असं विचारलं, की तिचं उत्तर ठरलेलं असे, "माझी गोळी सोडता खंय तेका!" म्हणताना वाईट वाटे आणि, खरं सांगायचं तर, थोडी ऐटही येई. आईच्या गोळीसाठी राबणारा मुलगा काय सगळ्यांच्याच नशिबी असतो?

घरी येता येता तिने मनातल्या मनात त्याची खोली झाडली, त्याच्या आवडीचं सोरपोतेलही शिजत घातलं. चप्पल न काढताच फोन लावला.

"मॅक्सी, गोळी स्वस्त झाली रे! माझ्या शिवणात भागता आता. तू ये. हयच कायतरी बघ."



"बरा झाला गो मम्मी," मॅक्सवेल म्हणाला. "पण लगेच कसा येव? हय... म्हणजे... बघूया."

आजवर त्याला कारण शोधावं लागलं नव्हतं. आता तो चाचपडत होता आणि ते चाचपडणं तिला ऐकवेना. त्याला यायचंच नव्हतं. तिकडे त्याचं बस्तान बसलं होतं, मन रमलं होतं. एकदा, फक्त एकदा, त्याने 'येतंय' म्हणावं असं तिला फार वाटलं.

मग तीच म्हणाली, "पण थांब हां. ही नवीन गोळी सगळ्यांका लागू पडत नाय म्हणतत. माका जुनीच घेवची लागतली."

"मगे जुनीच घे!" त्याच्या आवाजात जीव आला. "पैशांची काळजी करू नको. मी आसंय ना!"

"आसस रे बाबा," ती म्हणाली.

फोन ठेवून तिने नव्या स्ट्रिपमधली गोळी पाण्याबरोबर घेतली. पुढच्या महिन्यात त्याचे पैसे येतील, त्यांचं काय करायचं, हे तिला सुचेना.