दुसऱ्याची पायरी

“टेकडीवरच्या बंगल्यातली इमोजेन आणि आपला बर्ट... म्हणे तिला—”

तेवढ्यात बर्टच्या आईने, मार्थाकाकूंनी, दार उघडलं आणि शेजारच्या डॉलीने तोंड मिटलं. पुढचं मलाही ऐकू आलं नाही. गल्लीने ते आपलं आपण पुरं केलं : पोरीला दिवस गेलेत.

बोलणारी मी म्हणजे मार्थाकाकूंच्या दाराची पायरी. इंग्लंडातल्या लँकाशायरच्या दगडखाणीतून निघाले आणि गिरणी कामगारांच्या या घरांच्या रांगेत येऊन बसले. लाकडी तळाचे बूट वाजले की गिरणीतलं माणूस, चामड्याचे असले की भाडं मागणारा, एवढं मला न बघता कळतं.

काकू रोज मला धुतात आणि कडेवर घासदगडाने पांढरा पट्टा ओढतात. हा दगड चिंधीवाला जुन्या कपड्यांवर देतो. लढाई लागल्यापासून चिंध्याही लोकांच्या अंगावरच असतात, त्यामुळे दगडाचा तुकडा जपून वापरायचा. आमच्याकडे ज्याची पायरी त्यानेच घासायची. दुसरीने हात लावायचा तो घरात बाळंतपण असलं तर, नाहीतर मयत.

बर्ट आरमारात. बरेच दिवस त्याची खबर नव्हती.

एका सकाळी नाजूक चामडी बूट माझ्यापाशी थांबले. इमोजेन गुडघे टेकून मला घासू लागली. दगड कोरा करकरीत होता. रेशमी परकर देऊन आणला होता, असं मागाहून कळलं. पट्टा कडेला ओढायचा, तर हिने मला अख्खी पांढरी करून टाकली.

काकूंनी दार उघडलं. समोर परकी बाई पायरी घासतेय. त्यांनी चौकट घट्ट धरली.

“कधी गेला माझा बर्ट?”

“अहो, नाही! कुणी गेलं नाही! तुमचे गुडघे दुखतात असं तो सांगायचा, म्हणून मी...”

“तुला सांगायचा? तू कोण गं?”

तिने गळ्यातल्या दोऱ्यात ओवलेली अंगठी बाहेर काढली. “जहाजावर जाण्याआधी आम्ही लग्न केलं. काल पपांना सांगितलं. ते आता घरात घेत नाहीत.”

डॉली शाल सावरत हजर झालीच होती. “मयत नाही ना? मग दुसरंच! आजी होणार हो तुम्ही, काकू!”

“नाही हो,” इमोजेन लालबुंद झाली. “तसलं काही नाही.”

इमोजेनचे पपा म्हणजे गिरणीचे मालक; काकू त्यांच्याच गिरणीत मागावर उभ्या राहायच्या. पोरीला आत घेतलं तर गिरणीचं फाटक बंद, हे गल्लीतल्या मांजरालाही कळत होतं.

मग कण्हत त्या खाली बसल्या आणि पोरीच्या हातातला दगड घेतला.

“नुसती कड गं, बये. हे काय थडगं केलंयस माझ्या दाराचं!” डॉलीकडे वळून म्हणाल्या, “बघतेस काय? घरचंच माणूस घासतंय.”

फाटक बंद झालंच. काकू आता लोकांचे कपडे धुतात, इमोजेन पिळून देते. मला मात्र ती एकटीच घासते. डॉलीची बातमी निम्मीच खरी ठरली. लग्न होतं, बाळ नव्हतं. बर्टचा अजून पत्ता नाही.

माझं एवढंच मागणं : मी ओली असताना लांब ढांग टाकून आत जा. बर्ट आला तर त्याने मात्र चिखलाच्या बुटांनी खुशाल मधोमध पाय द्यावा. कुणी ओरडणार नाही.