दुसऱ्या संघातली सगळ्यात थोरली

रोझलिंड ऊर्फ रॉझ हावलिचेक अकरावीत होती आणि यंदा आपण व्हर्सिटी संघात जाणार, हे तिने फेब्रुवारीतच गावभर करून ठेवलं होतं. तळ्यावरचा बर्फ वितळला नव्हता, निवडचाचणी व्हायची होती. पण रॉझने रॉचेस्टरच्या मावशीला फोनवर सांगून टाकलं, वडिलांच्या शेडमध्ये होड्या दुरुस्तीला आणणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगितलं, आणि दातांच्या डॉक्टरांना तर तोंडात नळी असतानाच सांगितलं. उतावळी नवरी आणि गुडघ्याला बाशिंग, त्यातला प्रकार.

तिच्या शाळेत लॅक्रोसचे, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याच्या खेळाचे, मुलींचे दोन संघ होते. व्हर्सिटी म्हणजे पहिला. त्याचे सामने मोठ्या मैदानावर, दिव्यांखाली, प्रत्येक खेळाडूचं नाव भोंग्यावरून पुकारून. जेव्ही म्हणजे दुसरा. त्याचे सामने बसगाड्यांच्या तळामागच्या उतरत्या मैदानावर. तिथे गुणफलक नव्हता. किती झाले ते पंचाला विचारायचं, आणि पंच बहुधा तुम्हालाच विचारायचा. नववी-दहावीत तिथे हात बसवायचा आणि अकरावीत वर जायचं, अशी रीत. अकरावीची एखादी मुलगी खालीच राहिली तर चालायचं, पण लोक तिच्याशी जरा हळू आवाजात बोलायचे. बारावीच्या मुलीला मात्र जेव्हीत जागाच नव्हती. तिने वर जायचं, नाहीतर घरी बसायचं.

रॉझ गोलकीपर होती. ती स्वतःच म्हणायची की धावायचा कंटाळा असलेल्या माणसासाठी देवाने ही जागा निर्माण केली आहे.

चाचणी संपल्यावर मुख्य कोच टर्पिनबाई एकेकीला सामानाच्या खोलीत बोलावून निकाल सांगत. रॉझने आत जाण्यापूर्वी चेहऱ्यावर नम्रता आणून ठेवली, कारण निवड झाल्यावर नम्र दिसावं असं तिने ठरवलं होतं. बाईंनी सांगितलं, जेव्ही. वरच्या दोन्ही कीपर बारावीच्या आहेत, तू खाली राहून रोज खेळ, त्यात तुझंच भलं आहे. रॉझ मान डोलावत राहिली. आणून ठेवलेली नम्रता चेहऱ्यावरून काढायची कशी, हे तिला सुचेना. शेवटी तशीच बाहेर आली.

तिच्यामागून आत गेली तिची धाकटी बहीण पेट्रा. नववीतली, दातांना तारा लावलेली, धावायला लागली की हरिणासारखी. पेट्रा बाहेर आली तेव्हा बुटांकडे बघत होती; तिला व्हर्सिटीत घेतलं होतं. घरी जाताना गाडी रॉझ चालवत होती आणि पेट्रा खिडकीबाहेर बघत होती.

"मला नाही म्हणता येतं का गं त्यांना?" पेट्राने विचारलं.

"येतं की. मग मी तुला इथेच उतरवीन आणि तू चालत घरी ये."

पेट्राला हसू फुटलं, तशी रॉझही हसली. घरी गेल्यावर मात्र न्हाणीघरात नळ सोडून तिने जरा वेळ रडून घेतलं आणि मग मावशीला फोन केला. मावशी हळू आवाजात बोलली.

जेव्हीचे कोच होते ओबुखोव्स्की सर. एरवी रसायनशास्त्र शिकवायचे; लॅक्रोस त्यांनी पुस्तकातून शिकून घेतला होता आणि पुस्तक अजून संपलं नव्हतं. बचावाच्या मुली सगळ्या नववीच्या. चेंडू आला की बाजूला व्हायच्या, पाहुण्यांना वाट द्यावी तशा. रॉझ स्वतःला त्या संघाची पणजी म्हणवून घेऊ लागली. गुडघे दुखतात असं सांगायची, "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणायची. पण गोलाच्या तोंडाशी उभी राहून ती जी ओरडायची, त्याने हळूहळू त्या पोरींना कळायला लागलं की कुणाला अडवायचं आणि कुणाकडे सरकायचं. इमोजेन नावाची एक बारकी मुलगी तर रॉझच्या आवाजावर डोळे मिटूनही सरकली असती. संघ एक सामना जिंकला, मग आणखी एक. रॉझला मजा यायला लागली होती, पण हे कुणाला कळू नये याची ती खबरदारी घ्यायची. जी माणसं जेव्हीत आनंदाने राहतात ती तिथेच राहतात, अशी तिची समजूत होती.

एप्रिलच्या मध्यावर व्हर्सिटीच्या दुसऱ्या कीपरचा अंगठा मोडला आणि टर्पिनबाईंनी रॉझला वर बोलावलं.

जाताना ओबुखोव्स्की सरांनी हात मिळवला आणि म्हणाले की आता इमोजेनला गोलात उभं करतो, बघू. रॉझने "जमेल तिला" असं सांगितलं, पण तिचं लक्ष नव्हतं. तिला व्हर्सिटीचं निळं जॅकेट मिळालं होतं. ते तिने वर्गात घातलं, जेवताना घातलं, आणि मे महिना उजाडून चांगलं ऊन पडायला लागलं तरी काढलं नाही. घामाघूम होऊन फिरायची. आई म्हणाली की निदान झोपताना तरी खुंटीला लाव.

वर तिला काम काय होतं? सामन्याआधी मुलींचा हात मोकळा व्हावा म्हणून त्यांचे फटके अंगावर घ्यायचे आणि सामना सुरू झाला की बाकावर बसायचं. गणवेश इतका स्वच्छ राहायचा की तो धुवायला टाकताना लाज वाटायची. बसल्या बसल्या ती मनातल्या मनात भोंग्यावर स्वतःचं नाव पुकारायची: पहिली कीपर घायाळ होते, शेवटचं मिनिट, हावलिचेक मैदानात उतरते. पहिली कीपर काही घायाळ होईना. ती दणकट होती आणि रोज पालक खायची.

जेव्हीचा सामना असला की कुंपणापलीकडून रॉझला मागचं मैदान दिसायचं. इमोजेन गोलात उभी असायची, अंगापेक्षा चिलखत मोठं, आणि चेंडू आला की खरोखर डोळे मिटायची. बचावाच्या पोरी पुन्हा वाट द्यायला लागल्या होत्या. एकदा रॉझने न राहवून कुंपणावरून ओरडून सांगितलं, "डावीकडे, इमोजेन!" इमोजेनने आवाज कुठून आला म्हणून मागे वळून पाहिलं आणि तेवढ्यात गोल झाला. तेव्हापासून रॉझ गप्प राहायची.

मग एका गुरुवारी घरच्या मैदानावर व्हर्सिटी इतकी पुढे गेली की टर्पिनबाईंनी शेवटच्या काही मिनिटांसाठी रॉझला उतरवलं. भोंग्यावरून नाव पुकारलं गेलं, तेही हावलिचेकचं हॅवलॉक करून. रॉझकडे पहिला चेंडू आला तो घरंगळत, तिने तो आरामात उचलला. इथवर ठीक होतं. पण आता आपण काहीतरी करून दाखवावं, असं तिच्या मनात आलं. ती गोल सोडून पार पुढे धावत गेली, तिथे पेट्रा हात हलवत होती, आणि रॉझने सगळा जोर लावून चेंडू भिरकावला तो नेमका समोरच्या संघाच्या मुलीच्या जाळीत. त्या मुलीने आधी रॉझकडे बघितलं, मग मोकळ्या गोलाकडे. तिला खरंच वाटेना. मग तिने सावकाश, जवळजवळ संकोचून, चेंडू आत सोडला.

प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्या रॉझसाठी होत्या, पालक मंडळी दयेने वाजवतात तशा. सगळ्यात मोठी टाळी तिच्या वडिलांची.

दुसऱ्या दिवशी ती टर्पिनबाईंकडे गेली. रात्री तिने भाषण तयार केलं होतं: त्यागाबद्दल, लहानग्यांबद्दल, मोठेपण कशात असतं त्याबद्दल. आपण हे इमोजेनसाठी करतोय की कालच्या फजितीपासून पळतोय, हे मात्र तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. दोन्ही थोडं थोडं असावं. ती म्हणाली, "कोच, मला पुन्हा खाली पाठवाल का? जेव्हीत. म्हणजे कसं आहे, कधीकधी माणसाने..."

"आजपासूनच जा," बाई म्हणाल्या.

रॉझच्या तोंडातला त्याग तोंडातच राहिला.

"ओबुखोव्स्की माझ्या मागे लागलेत कधीचे. तुला विचारायचंच होतं मला. पण तुझं ते जॅकेट बघितलं की धीर व्हायचा नाही."

"मग माझ्या जागी वर कोण?"

"ती अंगठेवाली येतेय सोमवारी." बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "आणि हे बघ. पुढच्या वर्षी बारावी तुझी. तेव्हा खाली जाता येणार नाही. वर जागा मिळवायची असेल तर आता खेळ. बाकावर बसून कीपर होत नसते कुणी. जॅकेट ठेव हवं तर."

जॅकेट तिने ठेवलं, पण त्यापुढे घातलं नाही. उकडत होतं, हे खरं कारण.

मागच्या मैदानावर ती परत आली तेव्हा इमोजेनने तिला मिठी मारली आणि सोडलीच नाही. चिलखतासकट मिठी, त्यामुळे रॉझच्या बरगडीला लागलं. नववीच्या पोरींनी विचारलं, वर कसं असतं? रॉझने सांगितलं की गवत चांगलं असतं, आणि तिथून तुमचा खेळ फार वाईट दिसतो.

हंगामाच्या उरलेल्या सामन्यांपैकी त्या थोडे जिंकल्या, थोडे हरल्या. शेवटचा होता तळ्याच्या पलीकडच्या तीरावरच्या शाळेबरोबर, भर वाऱ्यात. रॉझ घसा बसेपर्यंत ओरडली. बचावातल्या मुली सरकल्या, आडव्या आल्या, पडल्या; इमोजेनने एक चेंडू उघड्या डोळ्यांनी हिसकावून घेतला आणि स्वतःच दचकली. सामना संपला तेव्हा दोन्ही संघांना वाटलं आपण जिंकलो. पंचाने बराच वेळ बोटं मोजली आणि सांगितलं की रॉझचा संघ एका गोलाने पुढे आहे. कुठे काही लिहिलं गेलं नाही.

त्या शुक्रवारी हावलिचेक मंडळी नेहमीप्रमाणे तळलेली मासळी खायला गेली. वडिलांनी पेट्राला तिच्या सामन्याबद्दल सगळं विचारून घेतलं. मग काटा ताटलीत ठेवून ते रॉझकडे वळले.

"तुझा पण होता ना आज?"

"होता. जिंकलो."

"मला सांगितलं नाहीस. आलो असतो."

रॉझ म्हणाली, जेव्हीचा सामना बघायला कोण येतं, डॅड. घसा बसल्यामुळे ते फार करुण ऐकू आलं, आणि करुण दिसायचा तिचा मुळीच विचार नव्हता, म्हणून तिने घाईघाईने वडिलांच्या ताटलीतला माशाचा मोठा तुकडा उचलून तोंडात टाकला. तोंड भाजलं. पेट्राने पाण्याचा पेला पुढे केला.

बारावीत रॉझ वर गेली. निम्मे सामने ती खेळली, निम्मे दहावीतून आलेली एक नवी मुलगी. गोल सोडून पुढे धावण्याची खोड मात्र रॉझची गेली नाही. आणखी दोनदा तशीच फजिती झाली, आणि एकदा चेंडू चक्क पेट्राच्या जाळीत पडला.