अकरा पानांना एकच साचा

कृत्रिम पाय बनवणाऱ्या केंद्राच्या वेबसाइटसाठी मी यादीचा एकच साचा लिहिला आणि अकरा पानांना लावला. मालाची यादी त्यातच, कारागिरांची त्यातच, पायासाठी थांबलेल्या माणसांचीही त्यातच. रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केलं की क्रम बदलायचा. ते दुवे साचा आपोआप तयार करायचा. एकच गोष्ट अकरा वेळा लिहायला मी काय गाढव होतो? ही फुशारकी मी भेटेल त्याच्यापुढे मारली.

साचा मुळात मालासाठी केलेला. नवा माल वर दिसावा म्हणून पान उघडलं की नवं वर, जुनं खाली.

महिन्याभरात नोंदणीच्या बाई तणतणत आल्या. "अहो, कालचा माणूस डोक्यावर बसतो नि वर्षभर थांबलेला तळाला. हा कुठला न्याय?"

"'तारीख'वर क्लिक करा, उलटतं."

"करते की! एक नाव उघडून मागे आलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दिवसाला चाळीस वेळा करते. बोटं झिजली माझी."

"तेवढाच व्यायाम, बाई."

सगळे हसले. मला बरं वाटलं. त्या पानापुरता क्रम बदलायला एक ओळ पुरली असती. पण माझ्या देखण्या साच्याला ठिगळ लागलं असतं ना!

बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेला माणूस रोज वरची पाच नावं घ्यायचा आणि बोलावणं धाडायचा. त्याला क्लिकचं कुणी सांगितलं नाही. ते मी सांगायला हवं होतं.

मग एक दिवस फोन करकरून वैतागलेला एकजण आपल्या गवंडी मेहुण्याला थेट घेऊनच आला. नोंदणीला चौदा महिने झालेले. मी शेजारी प्रिंटर बघत होतो. कारागिराने गवंड्याच्या अर्ध्या पायाचा गुडघा दाबला, पुन्हा दाबला.

"इतके महिने वाकलेलाच राहून आखडलाय. तेव्हाच यायला हवं होतं. आता हा सरळ होईलसं वाटत नाही. भिंतीपुढे दिवसभर उभं राहायचं विसरा."

"बोलावलंत कधी?" त्याला घेऊन आलेला कडाडला. "दर वेळी एकच टेप, नाव यादीत आहे!"

मी उठलो. चूक माझी, म्हणालो. साचा, क्रम, ती ओळ, सगळं सांगितलं.

"मग लिहा की ती ओळ!"

"लिहितो. दोन मिनिटांचं काम आहे." हे तोंडातून निघून गेलं आणि जीभ हासडावीशी वाटली.

"आमची भिंत ओळंब्यात नसली तर आम्ही पाडतो, साहेब," गवंडी म्हणाला. "पुन्हा बांधतो. पदरमोड करून."

त्याने दोन्ही हातांनी गुडघा खाली दाबला. तो जेमतेम बोटभर हलला.